वळूच्या नावानं

फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचा जन्म २८ एप्रिल १९१६चा, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबानं वृषभ रास. उत्तर इटलीतल्या चेन्तोजवळच्या रेनाझ्झो गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेली इंजिनं आणि सुटे भाग जमवून तो ट्रॅक्टर बांधू लागला आणि त्यात चांगला गबर झाला. १९६३ साली त्यानं सान्तागाता बोलोन्येझे या गावात मोटारींचा कारखाना काढला. बोधचिन्हाच्या ढालीवर मान खाली घालून शिंगं रोखलेला वळू आला तो या राशीमुळे. शेजारच्या मारानेल्लोत फेरारीचा घोडा दोन पायांवर उभा होताच. आपल्या फेरारीच्या क्लचबद्दल तक्रार घेऊन गेल्यावर एन्झो फेरारीनं ‘तू ट्रॅक्टर चालव’ अशा थाटात वाटेला लावलं, ही गोष्ट फेरुच्चो आयुष्यभर रंगवून सांगत असे.

पुढची गोष्ट मोटारींच्या कुठल्याही शौकिनाला पाठ असते: लॅम्बोर्गिनीच्या गाड्यांना स्पेनमधल्या गाजलेल्या झुंजीच्या वळूंची नावं असतात. हे विधान निम्मंच खरं आहे, आणि फेरुच्चोच्या काळापुरतं बोलायचं तर निम्म्याहूनही कमी. कंपनीची साठ वर्षांची नामावळी एकदा सलग लावून पाहिली, तर सुरुवातीला वळूंच्या भोवतालची सगळी दुनिया दिसते आणि प्रत्यक्ष वळू त्यात एखादाच. ओळीनं वळू येऊ लागतात ते मालक बदलल्यानंतर.

आधी एक भाषेची अडचण. स्पॅनिश ‘तोरो’ला आपण सहज बैल म्हणून जातो, पण बैल खच्ची केलेला असतो, गाडीला जुंपलेला असतो, आणि माणसाला बैल म्हटलं तर ती शिवी होते. रिंगणात उतरतो तो वळू. त्याच्यासमोर उभा राहणारा मातादोर म्हणजे शब्दशः ‘मारणारा’. आपल्याकडे हा शब्द एका वेगळ्याच वाटेनं आला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर भाजी, वऱ्हाड आणि शाळेची पोरं वाहत राज्यभर फिरली, आणि आपण मारेकऱ्यात बसलो आहोत हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सान्तागाताच्या पहिल्या गाड्यांना नावंच नव्हती. ३५० जीटी आणि ४०० जीटी, म्हणजे साडेतीन आणि चार लिटरचं इंजिन, एवढाच मामला. फेरारीकडेही तेव्हा आकडेच चालत, फक्त त्यांचा हिशेब निराळा. फेरारी २५० मधले अडीचशे हे एका सिलिंडरचे घनसेंटिमीटर, तसे बारा सिलिंडर मिळून तीन लिटर. आकड्यांच्या या रुक्ष कारभारातून सुटका झाली ती १९६६च्या जिनिव्हा प्रदर्शनात. बेर्तोनेच्या स्टुडिओतल्या मार्चेल्लो गांदिनीनं चितारलेली आणि बारा सिलिंडरांचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलेली ती गाडी ‘मिउरा’ या नावानं आली.

मिउरा हा कुठला वळू नाही, ते एका घराण्याचं आडनाव आहे. सेव्हियाजवळ १८४२ पासून झुंजीचे वळू पैदा करणारं हे घराणं. १९६२ साली फेरुच्चो तिथे पाहुणा म्हणून गेला होता, डॉन एदुआर्दो मिउरा यांचे वळू त्यानं तिथे पाहिले, आणि चार वर्षांनी आपल्या सगळ्यात देखण्या गाडीला त्यांचं नाव दिलं. मिउरांचे वळू स्पेनमध्ये नुसते ताकदवान म्हणून प्रसिद्ध नाहीत, ते माणसं मारणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. १८६२ साली माद्रिदला या कळपातल्या होसिनेरो नावाच्या वळूनं पेपेते या मातादोरचा जीव घेतला. या घराण्याच्या वळूंच्या पाठीवर माद्रिदमध्ये हिरवी-काळी फीत असते आणि इतरत्र हिरवी-लाल. फेरुच्चोनं उचललं ते नाव असं होतं. गाडी विकायला काढताना मृत्यूची आठवण करून देणारं नाव घ्यायला छाती लागते, किंवा मग जाहिरातवाल्यांचा सल्ला न घेण्याची सवय. फेरुच्चोकडे बहुधा दोन्ही असावं.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यानं ही गोष्ट आणखी उघडपणे केली. ‘इस्लेरो’ हा मिउरांच्याच कळपातला एक वळू. २८ ऑगस्ट १९४७ रोजी लिनारेसच्या रिंगणात त्यानं मानोलेतेच्या मांडीत शिंग घुसवलं. मानोलेते म्हणजे त्या काळातला स्पेनचा सर्वांत मोठा मातादोर. त्यानंही त्याच क्षणी तलवार खोल उतरवली होती. वळू मेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माणूसही. साऱ्या देशावर सुतक पसरलं. त्या घटनेला एकवीस वर्षं होत असताना एक इटालियन कारखानदार आपल्या शांत, कोनेदार, जरा कंटाळवाण्याच दिसणाऱ्या गाडीला त्या वळूचं नाव देतो. नाव आणि रूप यांचा इतका विजोड मेळ या कंपनीत पुन्हा झाला नाही. सव्वादोनशेच्या आसपास इस्लेरो बनल्या आणि गाडी विस्मरणात गेली. फेरुच्चोच्या कारकिर्दीत एका विशिष्ट वळूच्या नावानं निघालेली गाडी ही एवढीच.

बाकीची नावं पाहा. ‘एस्पादा’, तीही १९६८चीच, म्हणजे तलवार. स्पॅनिशमध्ये तलवार चालवणाऱ्या मातादोरलाही तोच शब्द लावतात. म्हणजे एकाच वर्षी कंपनीनं मारणारा वळू आणि त्याला मारणारं पातं, दोन्ही शोरूममध्ये शेजारी उभी केली. पुढची ‘हारामा’ १९७०ची. हे माद्रिदजवळच्या नदीचं नाव, आणि तिच्या काठची कुरणं वळूंसाठी नावाजलेली. त्याच नावाचा शर्यतीचा ट्रॅकही तिथे आहे, त्यामुळे अनेकांनी गाडीचा संबंध ट्रॅकशी जोडला. स्पॅनिश माणसाला मात्र हारामा म्हटलं की आधी १९३७ची यादवी युद्धातली लढाई आठवते. मराठी कानाला काय आठवतं ते सांगायला नकोच. मग आली ‘उर्राको’, कंपनीच्या मते मिउरांच्याच दुनियेतल्या लहान चणीच्या वळूंसाठीचं नाव. एक घराणं, एक वळू, एक तलवार, एक नदी आणि एक छोटा वळू अशी ही यादी पाहिली की कळतं, फेरुच्चोला वंशावळ उभी करायची नव्हती. एका पाहुणचारात जे जग दिसलं, त्यातले शब्द तो खिशातून काढावेत तसे वापरत होता.

आणि याच काळात या कंपनीच्या इतिहासातलं सर्वोत्तम नाव आलं. त्याचा वळूशी सुतराम संबंध नाही.

१९७१च्या जिनिव्हा प्रदर्शनासाठी गांदिनीची मंडळी पाचरीसारख्या आकाराची, दारं वर उघडणारी एक पिवळी गाडी रात्री जागून बांधत होती. कुलपं आणि बारीकसारीक कामं करणारा एक कारागीर तिथे होता. सहा फुटांहून बराच उंच, हात राक्षसासारखे, आणि इटालियनही धड न बोलणारा. त्याची भाषा तोरिनोच्या भागातली पिएमोंतेझे. त्याच्या तोंडी सतत एक उद्गार असे: ‘कुन्ताच!’ मूळ अर्थ साथीचा रोग, मरी. वापर मात्र थक्क झाल्यावर करायचा, कौतुकानं करायचा. थकलेल्या माणसांच्या थट्टामस्करीत गांदिनी म्हणाला, हेच नाव देऊ या की. बॉब वॉलेस हा न्यूझीलंडचा चाचणीचालक तिथेच जुळवाजुळव करत होता. इंग्रजी कानाला हे कसं वाटेल, असं त्याला विचारलं. त्यानं आपल्या पद्धतीनं उच्चारून दाखवलं, आणि नाव ठरलं. ही हकीकत खुद्द गांदिनीनं सांगितलेली आहे. बाईकडे बघून मारायच्या शिट्टीचा हा शब्द, किंवा बेर्तोनेच्या मालकाच्या तोंडून गाडी बघताच निघालेला, अशा ज्या दंतकथा फिरतात, त्यांना या साध्या गोष्टीपुढे काही चव नाही.

मराठीत याचा अनुवाद करायची गरजच पडू नये. ‘खतरनाक’ आणि ‘बेक्कार’ हे शब्द आपली पोरं नेमक्या याच उलट्या अर्थानं वापरतात, आणि कोल्हापूरकर ‘नाद खुळा’ म्हणतो तेव्हा खुळेपणाची तक्रार करत नसतो. रोगराईच्या शब्दाला कौतुकाचा अर्थ चिकटणं हे बोलीभाषेचंच काम, ते समितीला जमत नाही. नाव अस्सल आहे ते यामुळे. गाडी बघून माणूस जे म्हणेल, तेच गाडीचं नाव ठेवलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचा ‘काउंटॅश’ केला आणि जगभर तोच चालला. आपल्याकडेही पोस्टर विकणारे तेच म्हणत.

पन्नास वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीनं हेच नाव पुन्हा काढून ११२ संकरित गाड्या विकल्या. गांदिनीनं जाहीरपणे कळवलं की या गाडीशी माझा काही संबंध नाही. उद्गार दुसऱ्यांदा काढला की तो उद्गार राहत नाही, हे त्याला कळत होतं. २०२४च्या मार्चमध्ये तो गेला.

नावांच्या मागे लागलेल्या अक्षरांबद्दल आढाव्यात थोडं लिहायलाच हवं, कारण तिथे एक गंमत लपली आहे. कुन्ताचच्या मागचं ‘एलपी ४००’ म्हणजे इंजिन मागे आणि लांबीच्या दिशेनं, चार लिटरचं. पुढे मुर्सिएलागोच्या मागे ‘एलपी ६४०’ लागलं, तेव्हा अक्षरांचा अर्थ तोच राहिला पण आकडा लिटरऐवजी अश्वशक्ती सांगू लागला. नंतर त्यालाही शेपूट फुटलं: ‘-४’ म्हणजे चारही चाकांना जोर. आकाराची बढाई ताकदीवर कधी आली, हे गाडीच्या बुडाशी असलेल्या एवढ्याशा पट्टीवर वाचता येतं. आणि ढालीवर वळू मिरवणाऱ्या या गाड्यांची ताकद शेवटी मोजायची ती घोड्यांत, म्हणजे फेरारीच्या प्राण्यात.

फेरुच्चोनं १९७२ ते १९७४ या काळात आपले भाग विकले आणि तो उम्ब्रियातल्या त्रासिमेनो तळ्याकाठी द्राक्षमळ्यात जाऊन राहिला. तिथल्या वाईनचं नाव त्यानं ठेवलं ‘सांग्वे दि मिउरा’, मिउराचं रक्त. कारखान्यानं मग दिवाळखोरी पाहिली आणि तो स्विस, फ्रेंच, अमेरिकन, इंडोनेशियन असे हात बदलत १९९८ साली जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या ऑडीकडे गेला. या मालकांना सेव्हियाच्या कुरणाची आठवण नव्हती. पण बोधचिन्हावर वळू होता, आणि चिन्हाला शोभेल अशी गोष्ट हवी होती. नाव ठेवण्याची रीत इथे नियम बनली: एक वळू, एक रिंगण, एक साल आणि एक गुण.

सुरुवात १९९०च्या ‘दिआब्लो’नं झाली. अमेरिकन मालक क्रायस्लरच्या काळातली ही गाडी. दिआब्लो म्हणजे सैतान. वेरागुआच्या ड्यूकच्या कळपातला हा वळू ११ जुलै १८६९ रोजी माद्रिदमध्ये एल चिकोर्रो या मातादोरशी झुंजला. हे ड्यूक कोलंबसाचे वंशज, हा तपशील जाहिरातीत कधी आला नाही, पण मला तो वळूपेक्षा रंजक वाटतो. पुढे २०१४ साली आलेल्या ‘उराकान’चं नाव अलिकांतेला १८७९ मध्ये लढलेल्या वळूचं. पण हा शब्द मुळात कोलंबस पोहोचला त्या कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, वादळासाठीचा. इंग्रजीतलं हरिकेन तिथूनच आलं. म्हणजे सैतान कोलंबसाच्या घरचा आणि वादळ त्यानं लुटलेल्या मुलखातलं. याच उराकानची एक उंच आवृत्ती ‘स्तेर्रातो’ म्हणून निघाली, म्हणजे कच्चा रस्ता. आपल्या राज्यात या नावाची वेगळी जाहिरात करावी लागणार नाही.

ऑडीच्या हाती आल्यानंतरची पहिली गाडी २००१ची ‘मुर्सिएलागो’. याची कथा अशी सांगतात की १८७९ साली कोर्दोबात लागार्तिहो या मातादोरनं या वळूवर चोवीस वार केले तरी तो पडेना, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा करून त्याला जीवदान मिळवून दिलं, आणि पुढे मिउरांच्या कळपात तो प्रजननासाठी ठेवला गेला. कंपनी ही कथा शौर्याची म्हणून सांगते. मला त्यात चोवीस वेळा नेम चुकवणारा माणूसही दिसतो. मुर्सिएलागो म्हणजे वटवाघूळ, आणि शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘आंधळा उंदीर’ दडला आहे. त्यामुळे ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये ब्रूस वेनला हीच गाडी द्यावी, हे ज्यानं ठरवलं त्याला दाद द्यायला हवी. शंभर वर्षांपूर्वीच्या वळूपेक्षा ते नातं जास्त घट्ट बसतं.

‘गायार्दो’ पुन्हा घराण्याचं नाव, अठराव्या शतकातल्या पुएर्तो दे सान्ता मारियाच्या एका पैदासकाराचं. मिउरांच्या कळपाचा पाया ज्या गाईंवर पडला त्यांत गायार्दो रक्त होतं, त्यामुळे गाड्यांमधलं हे धाकटं भावंड वंशावळीत मिउराच्या आजोबांच्या जागी बसतं. या गाडीच्या २०१३ पर्यंत १४,०२२ प्रती बनल्या, त्याआधीच्या सगळ्या लॅम्बोर्गिनी एकत्र केल्या तरी त्याहून जास्त. दोन ‘एल’चा उच्चार ‘य’ होतो हे या गाडीमुळे जगभरच्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा समजलं, आणि तरीही बहुतेकांनी गॅलार्डोच म्हटलं.

नियम पक्का झाला की त्याचे तोटेही दिसतात. ‘रेबेन्तोन’ हे २००७ साली मोजक्या वीस ग्राहकांसाठी बनवलेल्या गाडीचं नाव, १९४३ मध्ये फेलिक्स गुझमान या मातादोरला मारणाऱ्या वळूवरून घेतलेलं. वळूपुरतं ठीक. पण रोजच्या स्पॅनिशमध्ये रेबेन्तोन म्हणजे स्फोट होऊन फुटणं, आणि रस्त्यावर तो शब्द ऐकू येतो तो टायर फुटल्यावर. शेकडो किलोमीटर वेगानं धावणाऱ्या गाडीच्या मागे ‘टायर फुटला’ लिहिलेलं पाहून माद्रिदच्या मेकॅनिकला काय वाटलं असेल! २०११चा ‘अवेन्तादोर’ ऑक्टोबर १९९३ मध्ये सारागोसाच्या रिंगणात शौर्याचं पारितोषिक मिळवलेला वळू. शब्द म्हणून त्याचा अर्थ उफणणी करणारा, किंवा चूल फुलवण्याचा पंखा. सातशे अश्वशक्तीच्या गाडीला सूप म्हणावं तसं हे आहे. आणि तरी अवेन्तादोर ऐकायला किती भारी वाटतं. इथे नाव चाललं ते अर्थामुळे नाही, आवाजामुळे. ‘वेनेनो’ म्हणजे विष. १९१४ साली सानलुकार दे बारामेदात एका माणसाला मारणारा हा वळू २०१३ मध्ये तीन ग्राहकांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला, प्रत्येकी तीस लाख युरो मोजून.

यादीत अधूनमधून वळूंना सुट्टी मिळाली आहे, आणि कंपनीच्या कल्पकतेला थोडा श्वास घेता आला आहे. ‘सेस्तो एलेमेन्तो’ म्हणजे सहावं मूलद्रव्य, कार्बन. गाडी जवळजवळ कार्बनच्या धाग्यांचीच आणि वजन ९९९ किलो, तेव्हा नाव चपखल. ‘सियान’ हा बोलोन्याच्या बोलीतला विजेचा लोळ. सुपरकपॅसिटर बसवलेल्या या पहिल्या संकरित गाडीसाठी कंपनीनं दूरच्या स्पेनऐवजी अंगणातली बोली वापरली. त्याच्या मागचं ‘एफकेपी ३७’ हे कंपनीला फोक्सवॅगनच्या घरात आणणाऱ्या फर्डिनांड कार्ल पिएख यांच्या नावाची आद्याक्षरं आणि जन्मसाल. कुन्ताचनंतर हेच नाव मला मनापासून आवडतं. दोन्ही शब्द इटलीच्याच मातीतले आहेत.

‘उरुस’ची गोष्ट वळूंच्या वंशावळीत सगळ्यात खोल जाते. उरुस म्हणजे ऑरॉक्स, युरोप आणि आशियातला प्रचंड रानटी गोवंश, ज्याच्यापासून जगातली माणसाळलेली गाय आली. शेवटचा ऑरॉक्स पोलंडमधल्या याक्तोरुव्हच्या जंगलात १६२७ साली मेला. त्याच्या भारतीय उपजातीला शास्त्रज्ञांनी ‘नामादिकस’ हे नाव दिलं ते नर्मदेवरून, कारण तिच्या खोऱ्यात त्याचे जीवाश्म सापडले. आपली खिल्लारी, डांगी, देवणी, सगळी वशिंडाची जनावरं त्याच शाखेची. मुंबईच्या सिग्नलवर थांबलेली उरुस पाहिली तर तिच्या नावातला प्राणी, थोडा फिरून का होईना, आपल्याच गोठ्यात येतो. गाडी मात्र पाच माणसांची, उंच आणि वजनदार, आणि कंपनीचा आजचा मोठा धंदा तिच्यावरच चालतो. फेरारीवाल्यांनी खिजवावं असा हा ट्रॅक्टरकडे परतीचा प्रवास आहे.

गेल्या काही वर्षांत ‘रेवुएल्तो’ आणि ‘तेमेरारिओ’ आल्या, म्हणजे बिथरलेला आणि बेदरकार. रेवुएल्तोचा दुसरा अर्थ मिसळलेला. बारा सिलिंडरांच्या इंजिनाला तीन विजेच्या मोटारी जोडलेल्या गाडीला तो शोभतो, हे निवडणाऱ्यांनी हेरलं असणार. पण कंपनी सांगते तो वळू १८८० साली बार्सिलोनात लढला. त्या बार्सिलोनात शेवटची वळूझुंज २०११च्या सप्टेंबरात झाली. आधी काताल्युन्याच्या विधिमंडळानं बंदी घातली, पुढे घटना न्यायालयानं ती रद्द केली, तरी शहरातलं मोनुमेन्ताल हे रिंगण झुंजीसाठी पुन्हा उघडलं नाही. म्हणजे तिथल्या लोकांनी ज्याकडे पाठ फिरवली, ते गाडीच्या नावात मात्र दिमाखानं उभं आहे. कंपनीच्या पत्रकांत झुंज असते, शौर्य असतं, वळू बहुतेक वेळा मरतो हे वाक्य नसतं. फेरुच्चोनं इस्लेरो हे नाव घेतलं तेव्हा निदान मरण लपवलं नव्हतं.

या नामावळीतली एक रिकामी जागा मला शेवटपर्यंत खटकत राहते. स्पेनच्या पैदासकारांच्या रिवाजात वासराचं नाव आईवरून पडतं, आणि वळूचं धाडस आईकडून येतं असं ते मानतात. म्हणून पारख होते ती गाईंची: छोट्या रिंगणात त्यांना घोडेस्वाराच्या भाल्यासमोर आणि कापडासमोर उभं करतात, आणि ज्या मागे सरत नाहीत त्यांच्याकडूनच पुढची वीण घेतात. वळूला मात्र झुंजीच्या दिवसापर्यंत कापड दाखवतही नाहीत. मानोलेतेला मारणाऱ्या वळूचं नाव असंच पडलं होतं. त्याच्या आईचं नाव इस्लेरा.